ही शेवटची मुदत

प्रति,
महाराष्ट्र शासन,
आणि विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे आजी-माजी सदस्य.

निवेदने देऊन झाली. हा इशारा आहे.

तो वाचायला दहा मिनिटे लागतील. आम्ही दीड दशकाहून अधिक काळ दिला आहे. आपण दहा मिनिटे द्याल, हे गृहीत धरतो.

आम्ही म्हणजे वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरारचे करदाते. पहाटेची विरार लोकल पकडणारे. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत काम करणारे. नंदाखाल-भुईगावात वाडी आणि अर्नाळ्याला होडी असणारे. सोसायट्यांच्या कमिट्या आमच्यात आहेत. गावकीची माणसे आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, रेल्वेतले आहेत.

आमच्यात पेन्शनर पुष्कळ आहेत. पेन्शन म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगू नका.

मागणी एकच आहे.

भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लोकप्रतिनिधीला आणि अधिकाऱ्याला सरकारी तिजोरीतून पेन्शन मिळता कामा नये.

येत्या पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत तसा कायदा करा.

त्यानंतर आम्ही मागणार नाही.

ही मागणी वसई-विरारमधूनच का, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने इथला नकाशा पाहावा.

३ जुलै २००९ रोजी आमची महानगरपालिका झाली. चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावे एकत्र केली गेली. गावांनी नको म्हटले होते. ऐकले गेले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वसईने जनआंदोलनाचा अपक्ष उमेदवार विधानसभेत पाठवला. ही आठवण आपल्या दप्तरी असेलच.

पुढे इमारती उभ्या राहू लागल्या. पाणथळ जागेत, आरक्षणाच्या जागेत, खाजणात, डोंगराच्या पायथ्याशी. खोट्या सीसीवर (बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्यावर), बनावट शिक्क्यांवर, कधी नुसत्या तोंडी आश्वासनावर. बावखले, म्हणजे इथली तळी, बुजली. नाले अरुंद झाले. जुलै २०१८ मध्ये शहर पाण्याखाली गेले, मिठागरात माणसे अडकली, लोकल बंद पडल्या. तेव्हा समित्या नेमल्या गेल्या.

आम्ही थांबलो.

जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढची पाच वर्षे निवडणूक झाली नाही. सभागृह नव्हते, स्थायी समिती नव्हती, प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता. सही प्रशासकाची. प्रशासक आपला.

एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या खासगी रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. ऑक्सिजनवर असलेली माणसे जळाली. तेव्हाही आम्ही थांबलो.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीचे पाहा.

जागा साधारण ६० एकर. शहराच्या विकास आराखड्यात ती सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. तिच्यावर ४१ इमारती उभ्या राहिल्या. एक नव्हे, दोन नव्हेत, एकेचाळीस. रात्रीतून उगवल्या नाहीत. स्लॅब पडत होते, डंपर येत होते, वीज जोडली जात होती, नळ जोडले जात होते. प्रत्येक जोडणीमागे एक अर्ज असतो. प्रत्येक अर्जावर एक शेरा असतो.

८ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने दिलासा नाकारला. फेब्रुवारी २०२५ पर्यंत सगळ्या जमीनदोस्त झाल्या.

सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. त्यांचे कर्जाचे हप्ते चालू राहिले.

न्यायालयाच्या आदेशाबद्दल आमची तक्रार नाही. राखीव जागा ती राखीव जागा. पण बुलडोझर फिरला तो विकत घेणाऱ्यावर. विकणारा दूर होता. डोळेझाक करणारा त्याहून दूर होता. त्याच्या घरासमोर बुलडोझर गेला नाही, आणि बहुधा त्याचे पेन्शनही एका रुपयाने कमी होणार नाही.

मे २०२५ मध्ये ईडीने मुंबई आणि हैदराबादेत छापे घातले. नऊ कोटींच्या वर रोकड आणि सव्वातेवीस कोटींचे दागिने व सोने-चांदी जप्त झाल्याचे जाहीर झाले. त्यातला मोठा भाग महापालिकेचे तत्कालीन नगररचना उपसंचालक वाय. एस. रेड्डी यांच्याकडचा, असे ईडीने सांगितले. ऑगस्टमध्ये रेड्डी, माजी आयुक्त अनिलकुमार पवार, एक माजी नगरसेवक आणि आणखी एक जण यांना अटक झाली. बांधकाम परवानगीला चौरस फुटामागे दर ठरला होता, हा ईडीचा आरोप आहे. आयुक्तांसाठी २० ते २५ रुपये, उपसंचालकांसाठी १० रुपये.

पवार यांची अटक बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. तो आम्हाला मान्य आहे. कोणी दोषी आहे असे आम्ही म्हणत नाही. ते न्यायालय ठरवील.

आमचा प्रश्न आपल्याला आहे.

२०१६ मध्ये याच उपसंचालकांवर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने कारवाई केली होती. लाच घेतल्याबद्दल नव्हे, लाच देऊ केल्याबद्दल. ज्याच्या तक्रारींची भीती होती त्याला गप्प करण्यासाठी. निलंबन झाले. काही काळाने ते पुन्हा सेवेत आले.

नगररचनेतच.

तो आदेश कोणी काढला? कोणत्या शेऱ्यावर काढला? त्या शेऱ्याखाली ज्याची सही आहे, तो आज सेवेत आहे की निवृत्त? निवृत्त असेल तर पेन्शन किती घेतो?

उत्तर लेखी द्या.

आता कायद्याकडे वळू. आम्ही तो वाचला आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. त्यातला नियम २६ सांगतो की पेन्शन पुढच्या चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर असते. नियम २७ सांगतो की सेवेतील गंभीर गैरवर्तन किंवा हलगर्जीपणा चौकशीत अथवा न्यायालयात सिद्ध झाला, तर शासन पेन्शन पूर्ण किंवा अंशतः, कायमचे किंवा काही काळासाठी काढून घेऊ शकते. नियम १३० सांगतो की चौकशी चालू असताना तात्पुरते पेन्शन मिळेल, उपदान मिळणार नाही.

म्हणजे अधिकार आहे. १९८२ पासून आहे.

“शकते” असे लिहिले आहे. त्यावर सगळे अडले आहे. तलाठी हजार-दोन हजारांच्या सापळ्यात सापडतो तेव्हा नियम २७ तत्परतेने आठवतो. खुर्ची उंच होत जाते तसा तो विसरला जातो.

आणि त्याच नियमात एक पळवाट आहे. तिच्याबद्दल आम्ही इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण ती वसई-विरारसाठी जणू मापून शिवली आहे.

अधिकारी निवृत्त होण्यापूर्वी विभागीय चौकशी सुरू झाली नसेल, तर नंतर ती सुरू करताना घटना चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये.

चार वर्षे.

विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट २०१२ च्या सुमारास उभी राहिली. ती अनधिकृत होती. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तिचा भाग खाली आला. १७ माणसे गेली. एका लहान मुलीचा वाढदिवस त्या घरात नुकताच झाला होता.

बांधली तेव्हापासून पडेपर्यंत तेरा वर्षे.

ती उभी राहत असताना ज्यांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यातला कोणी २०१९ मध्ये निवृत्त झाला असेल, तर २०१२ च्या डोळेझाकीबद्दल त्याची विभागीय चौकशी आज सुरू करता येत नाही. मुदत टळली. बिल्डरला अटक झाली, ते योग्यच. पण त्या इमारतीला घरपट्टी लावणारा कोणीतरी होता. ती अनधिकृत असल्याची नोंद करून फाईल कपाटात ठेवणारा कोणीतरी होता. नोटीस काढून पुढे काही न करणारा कोणीतरी होता. त्यांच्या खात्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन जमा होते.

इमारतीला पडायला चार वर्षांपेक्षा जास्त वेळ लागतो. हे नियम करणाऱ्याला कळले नसेल. आपल्याला कळायला हवे.

फौजदारी खटल्याचा मार्ग उघडा आहे, असे आपण म्हणाल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लोकसेवकाच्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच पूर्वपरवानगी लागते. खटल्यासाठी पुन्हा मंजुरी. तीही आता निवृत्ताला लागू. परवानगी कोण देतो, हे आम्हाला माहीत आहे.

हे अधिकाऱ्यांचे झाले.

आता आपले.

नगरसेवकाला पेन्शन नसते. मानधन असते, ते मुदत संपली की संपते. त्यामुळे आमच्या गल्लीतला माजी नगरसेवक या मागणीने बिथरण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे.

आमदारांना असते. राज्यात त्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रक्कम ४० हजारांवरून ५० हजार झाली. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला महिना दोन हजारांची भर. विधेयक चर्चेविना संमत झाले. ज्या सभागृहात पाण्याच्या एका टाकीवर तासभर घोषणा होतात, तिथे त्या दिवशी कोणालाही काही बोलायचे नव्हते.

वालीवच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराला कर्मचारी पेन्शन योजनेखाली (ईपीएस-९५) किमान पेन्शन एक हजार रुपये आहे. २०१४ पासून एक हजार. श्रावणबाळ योजनेतल्या म्हातारीला दीड हजार. त्यासाठी तिला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे पुसट झाले तर यंत्र तिला ओळखत नाही. ती पुन्हा येते.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले. तेव्हा तिजोरीवरच्या भाराची आकडेमोड आपण रोज सांगत होता. आमदारांच्या पेन्शनची आकडेमोड त्यात नव्हती.

या रकमेबद्दल आमचा वाद नाही. प्रामाणिक आमदाराला पन्नास हजार मिळाले तर आम्हाला त्रास नाही. एसटीने फिरून म्हातारे झालेले आमदार या महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांच्या विधवेला पेन्शनचा आधार झाला असेल, तर तो पैसा सत्कारणी लागला.

वाद दोषींबद्दल आहे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्याला निवडणुकीपासून दूर ठेवते. तुरुंगवास झाला तर सुटल्यानंतर सहा वर्षेही. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात शिक्षा होताच सदस्यत्व जाईल असा निर्णय दिला. सदस्यत्व जाते. उमेदवारी जाते. पेन्शनबद्दल त्या कलमात एक शब्द नाही.

जो माणूस सभागृहात बसायला अपात्र आहे, तो त्या सभागृहात बसल्याचे पेन्शन घ्यायला पात्र कसा?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अद्याप कोणी दिलेले नाही.

जळगावचे घरकुल प्रकरण घ्या. गरिबांच्या घरांची योजना. गुन्हा २००६ मध्ये नोंदला गेला. निकाल ३१ ऑगस्ट २०१९ ला लागला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे आणि शंभर कोटींचा दंड. माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे. अपिले झाली. तो त्यांचा हक्क आहे.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचे प्रकरण घ्या. व्यवहार २००१-०२ चे. निकाल डिसेंबर २०२३ मध्ये. माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षे, आमदारकी रद्द. त्यांचेही अपील आहे.

पक्ष वेगवेगळे आहेत, हे मुद्दाम सांगतो. आम्हाला कोणाच्या झेंड्याशी देणेघेणे नाही.

एका प्रकरणात तेरा वर्षे. दुसऱ्यात वीसहून अधिक. एवढ्या काळात माणूस आमदार होतो, मंत्री होतो, निवृत्त होतो. खटला चालू राहतो.

म्हणून नुसते “दोषी ठरल्यास पेन्शन बंद” एवढे लिहून भागणार नाही. आम्हाला काय हवे ते नीट ऐका.

खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले, की पेन्शन थांबेल. त्याच महिन्यापासून. अपील चालू असेपर्यंत रक्कम कोषागारात वेगळी राहील. निर्दोष सुटला, तर पै-पै व्याजासह त्याला मिळेल. आम्ही स्वतः जाऊन त्याचे अभिनंदन करू. अपील फेटाळले गेले, तर पेन्शन कायमचे बंद. आणि आरोपनिश्चितीच्या दिवसापासून घेतलेली प्रत्येक रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होईल. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायला आपल्याला वेळ लागत नाही. तोच हात इथे चालवा.

नियम २७ मधले “शकते” जाईल. भ्रष्टाचारात दोषसिद्धी झाल्यास “काढून घेईल” असे लिहिले जाईल. चार वर्षांची मर्यादा अनधिकृत बांधकामाच्या बाबतीत इमारत पडली किंवा पाडली त्या दिवसापासून मोजली जाईल. भारतीय प्रशासकीय सेवेतल्यांचे नियम केंद्राचे आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. केंद्राला शिफारस पाठवा. पाठवल्याचा जावक क्रमांक आम्हाला द्या.

आरोपावरून कोणाचीही भाकरी काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातल्या काहींना तेच सोयीचे वाटेल. विरोधकावर आरोप ठेवायचा, पेन्शन बंद करायचे. तो दरवाजा आम्ही उघडू देणार नाही. निकाल न्यायालयाचा हवा. ईडीचा नव्हे, पोलिसांचा नव्हे, वाहिन्यांचा तर नव्हेच.

आपली उत्तरे आम्हाला पाठ आहेत.

पेन्शन हा हक्क आहे, आपण म्हणाल. आहे. १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नाही. २०१३ मध्ये झारखंडच्या खटल्यात सांगितले की कायद्याचा आधार नसताना ते रोखता येणार नाही. याचा अर्थ सरळ आहे. कायद्याचा आधार तयार करा. कायदे करणे हेच आपले काम आहे.

आमदारांचे तर त्याहून सोपे आहे. संविधानाचा अनुच्छेद १९५ विधानसभा व विधान परिषद सदस्यांचे वेतन आणि भत्ते ठरवण्याचा अधिकार विधानमंडळाला देतो. पेन्शन आपणच कायदा करून घेतले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी खासदारांच्या पेन्शनला दिलेले आव्हान फेटाळले, कारण ते ठरवणे संसदेचे काम आहे. जे आपण कायद्याने घेतले त्याला आपण कायद्याने अट घालू शकता.

इतरत्र झाले आहे. पंजाबने २०२२ मध्ये प्रत्येक मुदतीचे वेगळे पेन्शन बंद केले. एक आमदार, एक पेन्शन. हिमाचलच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरलेल्यांचे पेन्शन थांबवणारे विधेयक संमत केले. गुजरातमध्ये माजी आमदारांना पेन्शन नाही. तिथले माजी आमदार उपाशी असल्याचे ऐकिवात नाही. तलासरी ओलांडली की गुजरात. फार लांब जावे लागत नाही.

आणि शेवटचे उत्तर. घरच्यांचा काय दोष?

काही नाही. मान्य. दोषी माणसाच्या जोडीदाराला दुसरे उत्पन्न नसेल, मालमत्ता नसेल, तर श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये द्या. राज्यातल्या निराधार म्हातारीला ते पुरतात, असे आपणच ठरवले आहे. दाखला मात्र दरवर्षी आणावा लागेल. रांगेत उभे राहून.

आता मुदतीनंतरचे.

आम्ही रस्ता अडवणार नाही. महामार्गावर आधीच आपल्या कृपेने तासन्‌तास वाहने उभी असतात. लोकल रोखणार नाही. तिच्यात आमचीच माणसे लटकलेली असतात. दगड उचलणार नाही. घरपट्टी थांबवणार नाही. भरू, पावती घेऊ, आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब मागू.

आम्ही काय करू ते असे.

पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस संपला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही मतदारसंघांच्या आमदारांनी या विषयावर सभागृहात काय केले, ते आमच्या प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागेल. बोलले तर बोलले. अशासकीय विधेयक मांडले तर मांडले. गप्प बसले तर तेवढेच लिहिले जाईल. विशेषण लावणार नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज जातील. पालघरच्या कोषागारातून कोणा माजी आमदाराला किती पेन्शन जाते. कोणा निवृत्त अधिकाऱ्यावर किती चौकशा प्रलंबित आहेत. नियम २७ शेवटचा कधी वापरला आणि कोणावर. एक अर्ज फेटाळाल तर अपील येईल. अपील टाळाल तर दुसरे येईल. आमच्यातल्या निवृत्त कारकुनांना टिपणी कशी लिहितात हे माहीत आहे. त्यांच्याकडे वेळही आहे.

चार वर्षांच्या मर्यादेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल होईल. मसुदा तयार आहे. वर्गणी झाली आहे. वकील ठरले आहेत.

रमाबाई अपार्टमेंटमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ २७ ऑगस्टला आम्ही वसईच्या तहसील कार्यालयासमोर बसू. घोषणा नसतील. माईक नसेल. किती जण होते, ते आपल्या गोपनीय शाखेला मोजू द्या. आकडा आपल्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

त्यानंतर सणांचे दिवस येतील. गणपतीच्या मंडपात यायचे नाही. हंडीच्या व्यासपीठावर यायचे नाही. चर्चच्या सणाला पुढच्या बाकावर बसायला यायचे नाही. बंदरावर नारळ फोडायला यायचे नाही. शुभेच्छांचे फलक आमच्या भिंतींवर, आमच्या खांबांवर, आमच्या गेटवर लागणार नाहीत. देणगी परत केली जाईल. कोणी अपशब्द वापरणार नाही. फक्त खुर्ची मांडली जाणार नाही.

हे किरकोळ वाटत असेल, तर आपल्या कार्यकर्त्यांना विचारा.

आणि मतदान.

पुढच्या प्रत्येक निवडणुकीत आमच्या दारात येणाऱ्या उमेदवाराने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून आणायचे. भ्रष्टाचारात दोषी ठरलो तर पेन्शन घेणार नाही. घेतलेले परत करीन. सभागृहात गेलो तर तसा कायदा मांडीन. सही करणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊ. न करणाऱ्याला पाणी देऊ आणि निरोप देऊ.

आम्ही हे करू शकतो का, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल, तर नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. वसई, नालासोपारा, बोईसर. वर्षानुवर्षे हलत नाहीत असे म्हटल्या जाणाऱ्या तीन जागा एकाच दिवशी हलल्या. जे आज त्या जागांवर आहेत, त्यांनी त्या कायमच्या समजू नयेत. आधीच्यांनीही तसेच समजले होते.

त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, इथल्या वाडीवाल्यांनी हरित वसईची लढाई उभी केली. पुढारी नव्हते, बागायतदार होते, शिक्षक होते, एक धर्मगुरू होते. त्यांची नातवंडे आता आमच्या कमिट्यांत आहेत. बुजलेल्या बावखलांची यादी त्यांच्याकडे आहे. सर्व्हे नंबरासहित.

वाटाघाटीला आमची ना नाही. बोलवाल तर येऊ. चार जण येतील, चहा घेणार नाहीत, इतिवृत्त मागतील. तोंडी आश्वासन घेणार नाही. समिती नेमली असे सांगाल तर तिची मुदत आमच्या मुदतीच्या आत संपली पाहिजे. अभ्यासगट चालणार नाही. विषयाचा अभ्यास आम्ही करून दिला आहे, तो वर आहे.

फोन करून “बघतो” म्हणू नका.

आमच्यातल्या कोणाला वेगळे बोलावून घेऊ नका. पद देऊ नका. तसा प्रयत्न झाला तर निरोप्याचे नाव आणि निरोप दोन्ही जाहीर होतील.

या पत्राची एक प्रत जिल्हाधिकारी, पालघर यांना, एक महापालिका आयुक्तांना, एकेक तिन्ही आमदारांना जात आहे. प्रत्येकाकडून सही-शिक्क्याची पोच हवी आहे. पोच नाकारली, तर नाकारणाऱ्या टेबलाचा क्रमांक आणि वेळ आमच्या वहीत लिहिली जाईल.

विधेयकाचा मसुदा सोबत जोडला आहे. दोन पाने आहेत. भाषा सुधारायची असेल तर विधी व न्याय विभागाने सुधारावी. आशय बदलू नये.

वसई-विरारचे संघटित करदाते